तीन दिवसांची मुदत

दिल्लीत रिक्षावाल्याला ‘हिंदूराव’ म्हटलं की तो इस्पितळाच्या फाटकाशी उतरवतो. ‘बाडा हिंदूराव’ म्हटलं तर सदर बाजाराच्या बाजूच्या गजबजलेल्या वस्तीत. दोन्हींमागचा माणूस एकच, आणि तो मराठी. कागलच्या घाटग्यांपैकी. पुढं ज्या घराण्यात शाहू महाराज जन्मले, तेच हे घराणं. दौलतराव शिंद्यांच्या बायजाबाईंचा हा भाऊ. १८३३ साली ग्वाल्हेरच्या फौजेनं बायजाबाईंना गादीच्या कारभारातून हुसकलं, आणि बाईंना पुढची कितीतरी वर्षं आग्रा, फत्तेगड, अलाहाबाद अशी परक्या मुलखात काढावी लागली. भाऊ दिल्लीत आला. शहराच्या उत्तरेला टेकडी आहे, दिल्लीकर तिला नुसतं ‘रिज’ म्हणतात. तिच्यावर विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचं प्रशस्त घर होतं. १८३५ च्या मार्चमध्ये घरी परतताना फ्रेझरचा गोळी घालून खून झाला, आणि ते घर हिंदूरावानं घेतलं. आज तिथं महापालिकेचं मोठं इस्पितळ आहे.

मामा तीस हजारी कोर्टात वकिली करून आता घरी बसलेला. भाची निवासी डॉक्टर, मात्र वेगळ्या इस्पितळात, आणि त्याचं नाव इथं नको. रात्रपाळी नसेल त्या संध्याकाळी दोघं रिजवर चालायला येतात. माकडांपासून हातातली पिशवी सांभाळत चालणं हा इथला खरा व्यायाम.

“मामा, मी खोटं बोलले.”

“केवढ्याचं?” वकील असल्यामुळे त्यानं आधी रक्कम विचारली.

“बावीस वर्षांची मुलगी. एकटीच आली, रिक्षानं. हात मोडलेला, पाठीवर वळ. एमएलसी, म्हणजे पोलिसी प्रकरणाची नोंद, केली, पोलिसांना कळवलं. ते करावंच लागतं. पण ती म्हणाली, घरी कळू देऊ नका. रात्री दोघं काउंटरवर आले, एक भाऊ असावा. आमची मुलगी इथं आणलीय का? मी म्हटलं, नाही.”

“बरं केलंस.”

“थांब. त्याच आठवड्यात एक मुलगा आला. एकोणीस वर्षांचा, पोटात सुरा लागलेला. त्यानंही समोरच्याला भोसकलं होतं, आणि तो समोरचाही आमच्याकडेच, वरच्या मजल्यावर. ह्या मुलाची आई माझा हात धरून म्हणाली, बेटी, किसी को मत बताना. मी सरळ जाऊन ड्यूटी कॉन्स्टेबलला सांगितलं.”

“म्हणजे दोघांनी एकच वस्तू मागितली. एकीला तू दिलीस, दुसऱ्याला नाही. चेहरा बघून.”

“चेहरा बघून नाही. त्यानं सुरा चालवला होता.”

“आणि तिनं काय केलं होतं ते तुला माहीत होतं? ती घरातले दागिने उचलून निघाली असती तर? तिच्यामुळे कुणी मेलं असतं तर? तू तिला विचारलं नाहीस. त्याला मात्र विचारलंस. आधी चौकशी करून मग दार उघडणारा तो न्यायाधीश. आसरा देणारा आधी दार उघडतो.”

“मग त्यालाही लपवायला हवं होतं, असं म्हणतोस?”

“मी अजून काहीच म्हटलं नाही. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय: जखमी माणूस निरपराध असो की गुन्हेगार, डॉक्टरनं आधी जीव वाचवायचा, पोलिसी सोपस्कार मागाहून.”

“वाचवलाच की! टाके मीच घातले. पण त्याच्या आईनं टाके मागितले नव्हते. तिला तो लपवून हवा होता. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोर्टानं पहिलीच सांगितलीय.”

मामानं मान डोलावली. मुद्दा बिनतोड होता, आणि बिनतोड मुद्द्यांवर वकील वेळ घालवत नाहीत.

“बरं, खोटं बोलण्याकडे येऊ,” तो म्हणाला. “१७९७ मध्ये कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञानं एक निबंध लिहिला. खुनी दाराशी येऊन विचारतो, तुझा मित्र आत आहे का? कांटचं म्हणणं, तरीही खोटं बोलू नये.”

“त्याच्या दाराशी कुणी आलं नसणार.”

“आपल्याकडे उलटा निकाल आहे. कर्णपर्वातला कौशिक. नदीच्या संगमाजवळ राहायचा, सत्यच बोलायचं असं व्रत. दरोडेखोरांच्या भीतीनं पळणारी माणसं त्याच्या देखत रानात शिरली. मागून दरोडेखोर आले, त्यांनी विचारलं, त्यानं खरं ते सांगितलं. माणसं कापली गेली आणि कौशिक नरकात गेला. कृष्ण अर्जुनाला ही गोष्ट सांगतो.”

“मूर्ख होता. व्रत स्वतःचं, आणि ते पाळायला जीव दुसऱ्यांचे.”

“हे चांगलं बोललीस,” मामा थांबला. “पुन्हा म्हण.”

“काय?”

“व्रत स्वतःचं, जीव दुसऱ्यांचे. आसऱ्याबद्दल मला हाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. आत घेतलेल्याचं पुण्य किती आणि पाप किती, हा नंतरचा हिशेब. त्याला आत घेण्याची किंमत कोण भरतंय? शिबी राजाची गोष्ट आपण मुलांना दयेची म्हणून सांगतो. त्यात ससाणा काय म्हणतो ते विसरतो. तो म्हणतो, हा पारवा माझं अन्न आहे. याला वाचवून तू मला आणि माझ्या पिलांना मारतोयस. मागावर असलेल्याचाही हक्क असू शकतो. शिबी तो हक्क नाकारत नाही. स्वतःच्या मांडीचं मांस तराजूत टाकतो.”

“म्हणजे मी बरोबरच केलं. मुलीसाठी खोटं बोलले, त्याची किंमत माझी. फार तर माझ्यावर तक्रार होईल. त्या मुलाला लपवलं असतं तर किंमत वरच्या मजल्यावरच्यानं भरली असती. त्याच्याशी माझं काय देणंघेणं? त्याच्या खिशातून मी दानधर्म का करू?”

“लॉ कॉलेजात जायला हवं होतंस.”

दोघं चौबुर्जीच्या बाजूनं वळले. इथं मामाला इतिहास सुचतो, आणि भाचीला ते ठाऊक असल्यामुळे तिनं पाण्याची बाटली काढली.

“ह्या टेकडीवर बघ. ११ मे १८५७. मेरठहून शिपाई शहरात शिरले, आणि इंग्रज कुटुंबं त्या पलीकडच्या फ्लॅगस्टाफ टॉवरमध्ये जमली. मदत येईल म्हणून दिवसभर वाट पाहिली, संध्याकाळी कर्नालच्या रस्त्याला लागली. ज्यांना पळता आलं नाही त्यातले काही लाल किल्ल्यात पोचले. मुघल बादशहाचा वाडा! याहून मोठा आसरा कुठला? १६ मे रोजी त्यांना किल्ल्यातच कापलं. बहुतेक बायका आणि मुलं. पुढं बादशहावर खटला चालला तेव्हा आरोपपत्रात ४९ आकडा होता. त्याला ते थांबवता आलं नाही की त्यानं थांबवलं नाही, यावर लोक अजून भांडतात.”

“आणि हिंदूरावचं घर?”

“हिंदूराव तोवर गेला होता. जूनपासून ते घर इंग्रजांची सगळ्यात पुढची चौकी झालं. मेजर रीडचे गुरखे तिथं होते, सिरमूर पलटणीचे. ४९० पैकी ३२७ पडले किंवा जखमी झाले. ह्या टेकडीवरून शहरावर तोफा चालत होत्या. आसरा होता का तो? आत असणाऱ्याला वाटलं असेल. खाली काश्मिरी दरवाज्याशी राहणाऱ्याला विचार.”

“तो किल्ला झाला. आसऱ्याला तोफा कशाला लागतील?”

“बरोबर. आता सप्टेंबर. शहर पडलं, आणि बादशहा, ज्याच्या वाड्यात ती माणसं मेली, तोच जीव वाचवायला हुमायूनच्या कबरीत गेला. पूर्वजाची कबर. हॉडसन या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याला शब्द दिला, जीव घेणार नाही. २१ तारखेला तो बाहेर आला, आणि शब्द पाळला गेला. रंगूनला मेला, पण अंथरुणावर. दुसऱ्या दिवशी त्याच कबरीतून शहजादे बाहेर आले. मिर्झा मुघल, खिज्र सुलतान, अबू बक्र. त्यांना शब्द दिलेला नव्हता. दिल्ली दरवाज्यापाशी हॉडसननं स्वतःच्या हातानं गोळ्या घातल्या. जागा तीच, भिंती त्याच. एका दिवसाचं अंतर.”

“म्हणजे भिंतींनी काही होत नाही, शब्दानं होतं.”

“शब्दानंही नाही. ज्याच्या हातात पिस्तूल आहे तो ते किती वेळ खाली ठेवतो, त्यानं होतं. आपल्याकडे नारायणराव पेशवा शनिवारवाड्यातच होता, स्वतःच्या घरात, आणि चुलत्या राघोबाच्या गळ्यातच पडला होता, तरी मारला गेला.”

ती जरा वेळ गप्प चालली. मग म्हणाली, “मामा, तुझी सगळी उदाहरणं राजेरजवाड्यांची. त्यांना आसरा देणाराही काहीतरी वसूल करत असतो.”

“असतोच! त्याच राघोबानं १८ महिन्यांत सुरतेला इंग्रजांकडे आसरा मागितला. १७७५ चा तह. त्यांनी मागितलं साष्टी आणि वसई. दुसरा बाजीराव १८०२ च्या शेवटच्या दिवशी वसईत त्यांच्याच ओसरीवर गेला, तेव्हा तर राज्यच गहाण पडलं. सावकाराच्या ओसरीवर पाय ठेवावा, तसं. उलट केळदीची चेन्नम्मा. राजाराम महाराज जिंजीकडे निसटत होते तेव्हा तिनं मुलखातून वाट दिली, आणि औरंगजेबाची फौज अंगावर घेतली. तिनं काही मागितल्याचं मी वाचलेलं नाही. किंमत तिनं भरली, जमाखर्च सरळ. आणि तात्या टोपे! शेवटी पारोणच्या रानात मानसिंगाच्या भरवशावर झोपला. मानसिंगानं त्याला देऊन स्वतःचं साधलं. १८ एप्रिल १८५९ ला शिवपुरीत फाशी.”

मला विचाराल तर मामाचा हा जमाखर्च जरा जास्तच सरळ आहे. चेन्नम्मेच्या मुलखातल्या शेतकऱ्याला फौजेनं जाळलेलं भात कुणी भरून दिलं? राणीचं औदार्य प्रजेच्या खळ्यातून जातं. पण भाचीनं हे विचारलं नाही. तिला वेगळंच टोचत होतं.

“आपण एक सोडून देतोय,” ती म्हणाली. “किंमत वरच्या मजल्यावरच्यानं भरली असती असं मी म्हटलं. पण कधी? हा मुलगा त्या रात्री उठूही शकत नव्हता. चार दिवस तो कुठं जाणार होता?”

“म्हणजे?”

“म्हणजे चार दिवस मी कुणाच्याच खिशातून देत नव्हते. पाचव्या दिवशी तो पळाला असता तर वरच्याच्या खिशातून. मग मी जे नाकारलं त्याचा काही भाग मला फुकट देता आला असता. पोलिसांना कळवणं भाग होतं, ते सोड. पण त्या आईला मी ‘नाही’ म्हटलं ते एका झटक्यात. जणू तिनं जन्मभराचं मागितलंय.”

मामानं हातानं समोर दाखवलं. जाळीच्या आत खांब उभा होता, जोडलेल्या तुकड्यांचा. चौथऱ्यावरच्या पाटीत त्याची कुंडली लिहिली आहे: मूळ मेरठचा, अशोकाचा, १३५६ मध्ये फिरोजशहानं आणून इथल्या कुश्क-ए-शिकार या वाड्यात उभा केला, १७१३ ते १९ च्या दरम्यान दारूकोठाराच्या स्फोटात पडून पाच तुकडे झाले, १८६७ मध्ये इंग्रज सरकारनं पुन्हा उभारला.

“फिरोजशहाला ह्याच्यावर काय लिहिलंय ते कळत नव्हतं,” मामा म्हणाला. “कुणालाच कळत नव्हतं. १८३७ मध्ये प्रिन्सेप नावाच्या इंग्रजानं ब्राह्मी लिपी वाचली तेव्हा कळलं. स्तंभलेखांची एकच मालिका अशोकानं वेगवेगळ्या खांबांवर कोरवली. तिच्या पाचव्या लेखात न मारायच्या प्राण्यांची यादी आहे. पोपट, मैना, वटवाघूळ, साळिंदर, गाभण शेळ्या-मेंढ्या. आणि फिरोजशहानं तो खांब नेऊन लावला कुठं, तर शिकारीच्या वाड्यात!”

“ही गोष्ट तू मला आधी सांगितलीयेस.”

“चौथा लेख सांगितला नसेन. ज्यांना देहान्ताची शिक्षा झालीय अशा कैद्यांना तो तीन दिवसांची मुदत देतो. शिक्षा रद्द करत नाही. नातेवाइकांनी तेवढ्यात खटपट करावी, कुणी नसेल तर त्यानं स्वतः दानधर्म करावा, उपास करावा. तीन दिवस. जुन्या इंग्लंडात गुन्हेगार देवळात शिरला तर चाळीस दिवस त्याला कुणी हात लावत नसे. मग कबुली द्यायची आणि देश सोडायचा. १६२४ च्या सुमाराला ते बंद झालं.”

“म्हणजे आसरा ही जागा नाहीच. मुदत आहे.”

“इतकं गुळगुळीत करू नकोस. मुदत घालवायलाही जागा लागते.”

“हो, पण तुझ्या हुमायूनच्या कबरीतच बघ ना. १९४७ मध्ये तिथं मुसलमानांची छावणी होती. पुराण्या किल्ल्यातही. काही महिने. आणि रिजच्या त्या टोकाला किंग्जवे कॅम्प, पाकिस्तानातून आलेल्यांसाठी. कॅम्प म्हणजे चार दिवसांची सोय. मेट्रो स्टेशनचं नाव जीटीबी नगर झालं, तरी बस कंडक्टर अजून ‘किंग्जवे कॅम्प’ ओरडतो. नातवंडांची लग्नं तिथं झाली. मुदत संपली तेव्हा कुणी हाकललं नाही, म्हणून ते घर झालं. सगळं त्या शेवटच्या दिवशी ठरतं.”

मामाला हे आवडलं असावं, कारण तो काही बोलला नाही. मग वकिली जागी झाली. “त्या आईचं एक सांगू? गुन्हेगाराला लपवणं हा गुन्हा आहे. नव्या न्याय संहितेत कलम २४९, जुन्या १८६० च्या कायद्यात २१२. त्याला एक अपवाद आहे. नवऱ्यानं बायकोला किंवा बायकोनं नवऱ्याला लपवलं तर गुन्हा नाही.”

“आणि आईनं?”

“आईनं लपवलं तर गुन्हा.”

“का?”

“दीडशे वर्षांपासून आहे. नव्या संहितेतही तसंच उतरलं.”

“म्हणजे तिला स्वतःला कायद्यानं जे देता येत नव्हतं ते ती माझ्याकडे मागत होती. आणि मी तिच्याकडे असं बघितलं, जणू तीच सुरा घेऊन आलीय.” ती कठड्याला टेकली. “आणि उद्या ती मुलगी सुटणार. प्लास्टर झालंय, खाट मोकळी हवी. कुठं पाठवू?”

“शक्ती वाहिनी खटल्यात २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं सुरक्षित घरांचं सांगितलंय.”

“ते जोडप्यांसाठी. ही एकटी आहे.”

“मग सखी केंद्र. वन स्टॉप सेंटर.”

“तिथं पाच दिवस ठेवतात. मी चौकशी केली.”

“अशोकापेक्षा दोन जास्त.”

“गंमत करू नकोस. सहाव्या दिवशी काय?”

“सहाव्या दिवशी दुसरं कुणीतरी पाच दिवस देईल. नारी निकेतन म्हण, मैत्रीण म्हण, एखादी मावशी म्हण. असंच चालतं. तू सहाव्या दिवसाची जबाबदारी घेऊ नकोस. पाचव्या दिवशी कुणाला फोन करायचा तेवढं तिच्या हातात लिहून दे.”

“आणि ते दोघं परत काउंटरवर आले तर? पुन्हा खोटं बोलू?”

“‘नाही’ म्हणू नकोस. ‘सांगता येत नाही’ म्हण.”

“त्याचा अर्थ त्यांना लगेच कळेल. असल्याशिवाय कोण असं म्हणतं?”

“फक्त तिच्याबद्दलच असं म्हटलंस तर कळेल. सगळ्यांबद्दल म्हटलंस तर कसं कळेल? ताप आलेल्या म्हाताऱ्याबद्दलही तेच, बाळंतिणीबद्दलही तेच. आणि त्या मुलाबद्दलही. पोलिसांना सांग, ते कायद्यानं आहे. काउंटरवर आलेल्याला नाही.” मग त्यानं सहज विचारावं तसं विचारलं, “वरच्या मजल्यावरच्याचे भाऊबंद आले होते का?”

“आले होते.”

“त्यांनी काय विचारलं?”

ती बाटलीचं झाकण लावत राहिली. झाकण केव्हाच बसलं होतं.

“कुठल्या वॉर्डात आहे, विचारलं. दुसऱ्याच दिवशी. पोलिसांना सांगून झालं होतं, लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सांगितला वॉर्ड.”

“खरं ते सांगितलंस.”

“दाराशी शिपाई बसलेला असतो, मामा.”

“चोवीस तास?”

तिनं तिथंच, खांबाच्या जाळीला पाठ लावून, वॉर्डात फोन लावला. सिस्टर नवी असावी. हिनं विचारलं, तो पोटात सुरा लागलेला मुलगा अजून त्याच खाटेवर आहे ना, त्याला आतल्या बाजूला हलवता येईल का? पलीकडून आधी नाव विचारलं गेलं. हिनं सांगितलं. तरी आवाज हलला नाही. मॅडम, फोनवर आम्ही पेशंटबद्दल काही सांगत नाही, असा कुणी इथं आहे की नाही तेही नाही. काय असेल ते समोर येऊन, कार्ड दाखवून बोला.